अफझलगंजचे लॉरीसाहेब

अफझलगंजच्या दवाखान्यावरून जाताना मला नेहमी त्या जागी पूर्वी असलेल्या जुन्या दवाखान्याची आठवण होते. मी तो पाहिलेला नाही; पाहणार तरी कसा? १८६६ साली बांधलेली ती इमारत १९०८ च्या सप्टेंबरात मुसीच्या महापुराने उद्ध्वस्त केली. परंतु त्याच दवाखान्यात एके काळी असा एक शस्त्रवैद्य होता, की ज्याच्या नावाची चर्चा लंडनच्या वैद्यकमंडळींत वर्षानुवर्षे चालली. ते डॉ. एडवर्ड लॉरी.

लॉरीसाहेबांचा जन्म १८४६ चा. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी एडिंबरो येथे नामांकित शस्त्रवैद्य जेम्स साइम यांच्या हाताखाली घेतले. याच शहरात सिम्पसन यांनी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मची भूल प्रथम प्रचारात आणली होती. साइम यांची शिकवण अशी, की भूल देताना रोग्याच्या श्वासावर लक्ष ठेवावे, नाडीच्या नादी लागू नये. लंडनकडील अनेकांचे मत उलट होते. त्यांच्या मते क्लोरोफॉर्मने हृदयच अवचित बंद पडते. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. श्वास आधी थांबत असेल तर जागरूक डॉक्टरला रोगी वाचविता येतो. हृदय आधी थांबत असेल तर त्याला सूचनाही मिळत नाही. मेजावर माणसे दगावत होती, आणि त्याचे कारण कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

पुढे लॉरीसाहेब सरकारी वैद्यकसेवेतून हिंदुस्थानात आले, लाहोरला अध्यापक झाले आणि १८८५ च्या सुमारास रेसिडेन्सी सर्जन म्हणून हैदराबादेत दाखल झाले. येथील वैद्यकशाळा आणि अफझलगंजचा दवाखाना यांची सूत्रे त्यांच्या हाती आली. भूल देण्याच्या कामात पुढे नाव मिळविलेल्या रूपाबाई फर्दुनजी याच शाळेतून १८८९ मध्ये हकीम झाल्या. गंडा बांधलेल्या शागिर्दाने गुरूची बंदिश जपावी, तशी लॉरीसाहेबांनी साइम यांची शिकवण जपली.

१८८८ मध्ये निजाम सरकारच्या आश्रयाने त्यांनी एक समिती नेमवून कुत्र्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष त्यांच्या मनासारखाच निघाला: धोका श्वासाला, हृदयाला नव्हे. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने त्यावर शंका घेतली. तेव्हा दिवाण सर आस्मानजाह यांच्या सरकारने जे केले, ते मला आजही विलक्षण वाटते. त्यांनी शंका घेणाऱ्यालाच निमंत्रण धाडले. त्या पत्राने आपला तज्ज्ञ पाठवावा, म्हणून १,००० पौंड देऊ केले. त्याप्रमाणे १८८९ मध्ये डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. हृदयाला धोका असतो, असेच मत घेऊन ते निघाले होते. येथे चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले, रक्तदाबाचे आलेख कागदावर उमटले, आणि ब्रंटन यांचे मत फिरले. लॉरीसाहेबांच्या आयुष्यातील तो सर्वोच्च क्षण होय.

माझे वडील दरबारी गवई होते. आश्रयदात्याच्या एका शब्दावर घर कसे चालते आणि कसे बसते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे त्या १,००० पौंडांकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. शंकेखोराला पदरच्या खर्चाने बोलावणे हे मोठ्या मनाचे काम. पण दुसऱ्या समितीच्या अध्यक्षस्थानी बसले कोण? स्वतः लॉरीसाहेब! मैफल ज्याची, परीक्षकही तोच. शिवाय प्रयोगाला घेतलेला प्राणी म्हणजे शस्त्रक्रियेच्या भयाने घाबरलेला, अर्धवट भुलीत धडपडणारा माणूस नव्हे.

नेमका धोका तेथेच दडला होता. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी हैदराबादच्या निष्कर्षांवर सबळ आक्षेप घेतले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की भूल हलकी असतानाच हृदयाचे कप्पे थरथरून एकाएकी बंद पडू शकतात. भूल अति झाली तर श्वास आधी थांबतो, हे लॉरीसाहेबांचे म्हणणे खोटे नव्हते. ते निम्मे होते. निम्म्या सत्यावर त्यांनी पूर्ण अभय दिले.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हिवतापाच्या जंतूचे अस्तित्वही लॉरीसाहेबांना मान्य नव्हते. आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्या जंतूचा माग लागला, तो बेगमपेठेतच, लॉरीसाहेबांच्या दवाखान्यापासून काही मैलांवर. १९०१ मध्ये त्यांनी हैदराबाद सोडले. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग सरकारचे ते पैसे वाया गेले का? मला तसे वाटत नाही. प्रयोगांचे आलेख छापून जगापुढे ठेवले, म्हणून तर इतरांना चूक शोधता आली. चुकले ते एवढेच, की कोणता पुरावा मिळाला तर आपण हार मानाल, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी लॉरीसाहेबांना कोणी विचारला नाही.

हे लिहिताना मी स्वतःला वगळू शकत नाही. होतकरू गाणाऱ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका लहानशा समितीवर मी काही वर्षे आहे. मागे एकदा दोन मुलांतून एकाची निवड करायची होती. माझ्याच गुरूंच्या वळणाने गाणाऱ्या मुलाला मी कौल दिला आणि दुसऱ्याचा गळा कच्चा ठरविला. दोन वर्षांनी त्या दुसऱ्याचे गाणे ऐकले, तेव्हा कच्चे काय होते ते मला कळले. त्या दिवसापासून माझ्या वळणाचा मुलगा समोर आला, की मी खोलीबाहेर जातो आणि दुसऱ्या घराण्याच्या शिक्षकाला माझ्या जागी बसवितो. अफझलगंजच्या त्या जुन्या समितीत एवढी एक खुर्ची बदलली असती, तर काय झाले असते, हा विचार मला दवाखान्यावरून जाताना अजूनही सोडत नाही.