तीन अक्षरांचा प्रचारक : सिएनाचा बर्नार्दिनो

इटलीतील मास्सा मारित्तिमा या गावी 1380 साली एका सरदार घराण्यात बर्नार्दिनोचा जन्म झाला. सहाव्या वर्षापर्यंत आई-वडिलांचे छत्र हरपले आणि नातलगांनी त्याला वाढवले. 1400 साली सिएनात प्लेगची साथ आली, तेव्हा या विशीतल्या तरुणाने काही सोबत्यांसह सांता मारिया देल्ला स्काला रुग्णालयात रोग्यांची शुश्रूषा केली. दोन वर्षांनी तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला.

पुढे तो पायी गावोगाव हिंडणारा प्रवचनकार झाला. चर्चमध्ये गर्दी मावेना, म्हणून प्रवचने भर चौकात होत. 1427 साली सिएनाच्या चौकात झालेली त्याची प्रवचने कापड कातरणाऱ्या एका कारागिराने शब्दशः टिपून ठेवली, म्हणूनच ती आज वाचता येतात. या वाणीला काळी बाजूही होती. ज्यू, चेटकीण ठरवलेल्या स्त्रिया आणि समलिंगी पुरुष यांच्याविरुद्ध तो जे बोलला, ते त्याच्या संतपदामुळे सौम्य होत नाही.

त्या काळी इटलीतील शहरे घराण्यांच्या आणि पक्षांच्या वैराने पोखरलेली होती. घरांच्या दारांवर गटांची चिन्हे मिरवत. ती उतरवून बर्नार्दिनोने एकच चिन्ह पुढे केले : निळ्या पार्श्वभूमीवर सूर्यकिरणांच्या वलयात आय-एच-एस ही सोनेरी अक्षरे. प्रवचनात तो ही फळी उंच धरी आणि लोक गुडघे टेकत.

अक्षरे मात्र त्याची नव्हती. प्रारंभीचे ख्रिस्ती लेखनिक पवित्र नावे संक्षेपाने लिहून वर आडवी रेघ ओढत. ग्रीक भाषेतील येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरे इओटा, ईटा आणि सिग्मा. यातील मोठ्या लिपीतला ईटा, म्हणजे दीर्घ 'ई'चा स्वर, दिसायला हुबेहूब लॅटिन 'एच'सारखा. लॅटिन लेखनिकांनी तो तसाच वाचला आणि मध्ययुगात येशूच्या लॅटिन नावातही एक अनाहूत 'एच' शिरला. लहान लिपीत वरची रेघ, आपल्या शिरोरेषेची जणू दूरची बहीण, त्या 'एच'च्या उभ्या दांडीला छेदू लागली आणि आपोआप क्रूस उमटला. मूळ विसरल्यावर या अक्षरांचा अर्थ 'येशू, मानवांचा तारणहार' अशा लॅटिन शब्दांत लावण्यात आला. तो सुंदर आहे, पण मागाहून चिकटवलेला.

विरोधकांना यात मूर्तिपूजा दिसली : लोक देवाला नव्हे, अक्षरांना नमस्कार करतात! आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. फळीला गुडघे टेकणारा प्रत्येक जण व्याकरण जाणून टेकत नव्हता. पाखंडाचा आरोप सिद्ध झाला असता, तर त्या काळी प्राणांवर बेतले असते. पोप मार्टिन पाचवा याच्यापुढे रोममध्ये चौकशी झाली. जॉन ऑफ कॅपिस्ट्रानो बचावाला धावून आला. बर्नार्दिनो निर्दोष ठरला, इतकेच नव्हे, तर पोपने त्याला रोममध्येच प्रवचने करायला सांगितले. सिएनाचे बिशपपदही देऊ केले गेले. त्याने ते नाकारले.

1444 साली, प्रवचनयात्रेवर असतानाच, लाक्विला येथे त्याचे निधन झाले. अवघ्या सहा वर्षांत त्याला संत घोषित करण्यात आले. सिएनाच्या नगरभवनावर त्याचा सूर्य आजही आहे. जाहिरात व्यवसायाने त्याला आपला संरक्षक संत मानले, हेही नवल नाही.

सोळाव्या शतकात येशूसंघाने हीच तीन अक्षरे आपली मुद्रा म्हणून स्वीकारली आणि जेझुइटांबरोबर ती समुद्रापार गेली. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर, अगदी वर, ती कोरलेली दिसतात.