अंत्य स्वराचा साधक : डॉ. एर्न्स्ट ट्रुम्प

आपल्या तीर्थपुरीहून लग्नाचा बस्ता बांधायला जालन्याला जाणारी मंडळी तेथील सिंधी दुकानदारांशी मोकळेपणाने बोलतात, घासाघीस करतात. पण हे सारे मराठीत चालते. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या या लोकांनी आपली भाषा आत्मसात केली. त्यांची भाषा कशी आहे, हे जाणून घेण्याची इच्छा आपल्याला क्वचितच झाली. वास्तविक सिंध हा प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, आणि सिंधी भाषा तर मराठीची सख्खी चुलत बहीण शोभावी अशी आहे. हे नाते व्याकरणाच्या पुराव्यानिशी जगापुढे मांडण्याचे काम ज्यांनी केले, ते ना सिंधी होते, ना मराठी. ते होते जर्मनीतल्या एका खेड्यातून आलेले डॉ. एर्न्स्ट ट्रुम्प.

ट्रुम्प यांचा जन्म १८२८ साली व्युर्टेंबर्ग प्रांतातील इल्सफेल्ड या गावी एका साध्या कुटुंबात झाला. ट्युबिंगेनच्या विद्यापीठात त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले, आणि त्याबरोबरच त्यांना संस्कृत व अरबी या भाषांचा छंद जडला. संस्कृतचे प्रख्यात पंडित रुडोल्फ रोट त्या काळी तेथे शिकवीत असत. १८४८ च्या राजकीय धामधुमीनंतर तरुण ट्रुम्प इंग्लंडला गेले. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ग्रंथालयात त्यांनी काम केले. पुढे चर्च मिशनरी सोसायटीने हिंदुस्थानातील देशी भाषांच्या अभ्यासासाठी त्यांची निवड केली, आणि १८५४ साली ते इकडे येऊन कराचीस पोहोचले.

तेथे त्यांच्या पुढ्यात कोणती साधने होती? सिंध इंग्रजांच्या ताब्यात येऊन अवघी अकरा वर्षे झाली होती. कॅप्टन जॉर्ज स्टॅक या अधिकाऱ्याने सिंधीचे एक व्याकरण लिहिले होते. ते १८४९ साली आपल्या मुंबईतच छापले गेले, आणि विशेष म्हणजे त्यातील सिंधी शब्द देवनागरीत होते. परंतु १८५३ मध्ये स्टॅक वारले, आणि त्याच वर्षी सरकारने सिंधीसाठी बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरवून दिली. व्यापारी लोक आपल्या वह्या वेगळ्याच वाणिकी लिपीत लिहीत, आणि तिच्यात तर स्वरांच्या खुणाच नसत. अरबी लिपीतही ऱ्हस्व स्वर लिहिण्याचा प्रघात सहसा नसतो. म्हणजे सिंधी शिकणाऱ्याला शब्दाचा सांगाडा डोळ्यांना दिसे, त्याचा प्राण मात्र कानांनीच टिपावा लागे.

आणि सिंधीचा प्राण तर शब्दाच्या अगदी शेवटी, त्या न लिहिल्या जाणाऱ्या ऱ्हस्व स्वरातच आहे. संस्कृतातील ‘हस्त’ या शब्दाचा मराठीत ‘हात’ झाला. शेवटचा स्वर आपण लिहितो, पण उच्चारीत नाही. सिंधीत तोच शब्द ‘हथु’ असा आहे, आणि तो शेवटचा उकार हलकेच पण निश्चितपणे उच्चारला जातो. ‘घरु’ म्हणजे एक घर. शेवटचा अकार उच्चारून ‘घर’ म्हटले की अनेक घरे झाली. ‘घरि’ म्हटले की घरी, आणि ‘घरां’ म्हटले की घरून. एवढाच काय तो फरक. पण तो कानाला कळला नाही तर एक की अनेक, आत की बाहेर, काहीच कळायचे नाही. प्राकृत भाषांची ही जुनी ठेव सिंधीने इतर भगिनींपेक्षा अधिक निष्ठेने जपली, हे ट्रुम्प यांनी ओळखले, आणि हाच त्यांच्या अभ्यासाचा कणा ठरला.

विशेषणांच्या प्रकरणात याचे प्रत्यंतर येते. आपल्याकडे ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ तसे सिंधीत ‘सुठो छोकिरो, सुठी छोकिरी’. अनेकवचनी ‘सुठा छोकिरा, सुठियूं छोकिरियूं’. मराठीत आकारान्त विशेषण बदलते, तसे तिकडे ओकारान्त विशेषण बदलते. मराठीतील नपुंसकलिंग मात्र सिंधीत उरलेले नाही. तेव्हा मराठी माणसाला हे सोपे वाटावे. परंतु विभक्तीचा प्रत्यय लागला की खरी परीक्षा सुरू होते. आपण ‘चांगल्या मुलाला, चांगल्या मुलांना, चांगल्या मुलीला, चांगल्या मुलींना’ असे म्हणतो. एकट्या ‘चांगल्या’वर सगळा कारभार भागतो. सिंधी माणूस म्हणतो ‘सुठे छोकिरे खे’, ‘सुठनि छोकिरनि खे’, ‘सुठीअ छोकिरीअ खे’, ‘सुठियुनि छोकिरियुनि खे’. चार ठिकाणी चार रूपे! नाम जसे वळेल तसे विशेषण वळते. इतकेच काय, ‘फार’ या अर्थाचा ‘ॾाढो’ हा शब्दही ‘ॾाढो सुठो, ॾाढी सुठी’ असा बदलतो. आपला ‘फार’ जागचा हलत नाही. पण ‘केवढा मोठा, केवढी मोठी’ म्हणताना आपणही तेच करतो, हे ध्यानात घ्यावे. षष्ठीचेही तसेच. ‘रामचा भाऊ, रामची बहीण’ याला सिंधीत ‘राम जो भाउ, राम जी भेण’ म्हणतात. चा-ची आणि जो-जी! तुलना करताना ते ‘खां’ हा शब्द वापरतात. ‘मोहन राम खां वॾो आहे’ या वाक्याचा अर्थ कोणाही मराठी विद्यार्थ्याला लागेल. ‘आहे’ तर जसेच्या तसे आपलेच आहे.

क्रियाविशेषणांकडे वळले की नाते आणखी दाट होते. जिथे, तिथे हे सिंधीतही जिथे, तिथेच. ‘कुठे’चे ‘किथे’ आणि ‘कुठून’चे ‘किथां’. वर या अर्थी ते ‘मथे’ म्हणतात, आणि तो ‘मथो’ म्हणजे माथा या शब्दाचाच अधिकरणातला अवतार आहे. क्रियाविशेषण ही बहुधा एखाद्या नामाची गोठलेली विभक्ती असते, हे येथे स्पष्ट दिसते. आपल्या ‘सकाळी’, ‘घरी’, ‘वेगाने’ या शब्दांतही हेच घडले आहे. ‘आरामात’ याला सिंधीत ‘आराम सां’ म्हणतात, म्हणजे तेथे प्रत्ययाऐवजी स्वतंत्र शब्दयोगी अव्यय आले. तात्पर्य, विशेषण हे नामापुढे सतत वाकत राहते, तर क्रियाविशेषण एकदा वाकले की कायमचे तसेच राहते.

सिंधमधील हवा ट्रुम्प यांच्या प्रकृतीला मानवली नाही. तरीही १८५८ मध्ये देवनागरी व अरबी अशा दोन्ही लिप्यांतील सिंधी वाचनपाठांचे पुस्तक त्यांनी लंडनहून प्रसिद्ध केले. त्यानंतर पेशावरला जाऊन पश्तू भाषेचा अभ्यास केला. अखेर १८६० साली प्रकृतीमुळे ते मायदेशी परतले आणि तेथे धर्मोपदेशकाची नोकरी करू लागले. सिंधीचा ध्यास मात्र सुटला नाही. १८६६ साली लाइपझिग येथे त्यांनी शाह अब्दुल लतीफ या महाकवीचा ‘शाह जो रिसालो’ प्रथमच छापून काढला. आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबांना जे स्थान आहे, ते सिंधमध्ये शाह लतीफ यांना आहे. त्यांची वाणी पहिल्यांदा छापली गेली ती जर्मनीत! पुढे १८७२ साली पाचशेहून अधिक पानांचे त्यांचे सिंधी व्याकरण निघाले. त्यात संस्कृत, प्राकृत आणि मराठीसह इतर भगिनी भाषांशी पदोपदी तुलना आहे. जॉन बीम्स यांच्या तुलनात्मक व्याकरणाचा पहिला भागही त्याच वर्षीचा. १८७७ साली मुंबईत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी जी भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली, त्यांतही सिंधीला स्थान होते. हिंदुस्थानी भाषांच्या तौलनिक अभ्यासाची पायाभरणी होत होती ती याच सुमारास.

परंतु ट्रुम्प यांच्या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. आदिग्रंथाचे भाषांतर करण्याचे काम इंडिया ऑफिसने त्यांच्यावर सोपविले. त्यासाठी १८७० मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि लाहोरला राहिले. १८७७ साली त्यांचे अपुरे भाषांतर प्रसिद्ध झाले. शिखांना जो ग्रंथ साक्षात गुरू, त्याविषयी ट्रुम्प यांनी प्रस्तावनेत तुच्छतेने लिहिले. शीख समाज दुखावला, आणि ते दुःख दीर्घकाळ टिकले. पुढे मॅकॉलिफ यांनी शीख विद्वानांच्या सहवासात राहून १९०९ मध्ये सहा खंडांचा ग्रंथ काढला, तो पुष्कळ अंशी या अन्यायाचे परिमार्जन करण्यासाठीच. ज्याला सिंधीतला ओझरता इकार ऐकू आला, त्याच विद्वानाला एका समाजाच्या श्रद्धेचा स्वर ऐकू येऊ नये, याचा विषाद वाटतो. विद्वत्ता आणि विनय या दोहोंची जोडी आपोआप जमत नाही, हेच खरे.

१८७४ पासून ट्रुम्प म्युनिच येथे प्राध्यापक होते. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली, आणि १८८५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांनी ज्या भाषेसाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, ती आज आपल्या शेजारी नांदत आहे. १९४९ साली कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले. १९६७ साली सिंधीला भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. मात्र भारतातील सिंध्यांना स्वतःचा प्रांत नाही, आणि पुष्कळ घरांतील मुले मराठी, हिंदी वा इंग्रजीतून शिकतात. अरबी लिपी वापरावी की देवनागरी, हा वादही जुनाच आहे. अशा भाषेचे अंत्य स्वर टिकायचे तर ते घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आणि मुलांच्या कानीच टिकतील.

मराठी विद्यार्थ्याला ही भाषा शिकायला फार सायास पडू नयेत. निम्मी वाट पूर्वजांनीच चालून ठेवली आहे. देवनागरीतून आरंभ करता येतो, आणि ज्यांच्याकडून शिकायचे ते लोक तर आपल्याच बाजारपेठेत आहेत. लागते ती केवळ विशेषणाची वृत्ती. समोरच्या नामाचे लिंग, वचन, विभक्ती पाहून विशेषण आपले रूप बदलते आणि त्यात कमीपणा मानीत नाही. ट्रुम्प यांनी ही वृत्ती व्याकरणात अचूक दाखविली. आचरणात मात्र त्यांना ती नेहमीच साधली नाही. त्यांच्या ग्रंथातून पहिली गोष्ट शिकावी, आणि त्यांच्या चरित्रातून दुसरी.