स्वामी कुवलयानंद

मुलांनो, शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजूला गावच्या यात्रेत तुम्ही कुस्त्या पाहिल्या असतील. धोबीपछाड कसा मारतात, हे एखाद्या पहिलवानाला विचारून पाहा. तो डाव करून दाखवील, पण शब्दांत सांगणे त्याला जड जाईल. अंगातली कला अशीच असते. उस्तादाने ती शिष्याला दिली नाही, तर ती त्याच्याबरोबरच जाते. अशी एक कला मोजून व लिहून सर्वांसाठी जपून ठेवणाऱ्या माणसाची ही हकीकत आहे.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. १९०७ ते १९१० या काळात ते बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांकडे व्यायाम शिकले. माणिकराव हे उस्ताद जुम्मादादांचे शिष्य. त्यांची व्यायामशाळा उस्तादांच्याच नावाने ओळखली जाई. पुढे गुणे अमळनेरला शिक्षक झाले. १९१९ साली नर्मदाकाठी मालसर येथे त्यांना योगी माधवदास गुरू म्हणून लाभले.

त्या काळी योगाच्या अवघड क्रिया गुरू मोजक्या शिष्यांनाच शिकवीत. लोक त्यांच्याविषयी नवलाच्या गोष्टी सांगत. गुण्यांची गुरूंवर श्रद्धा होती, तरीही त्यांना प्रश्न पडला. या क्रिया करताना शरीरात नेमके काय घडते? परीक्षेत गुरूंची विद्या खोटी ठरण्याचा धोका होता. पण त्यांनी परीक्षा टाळली नाही. बडोद्याच्या एका रुग्णालयात त्यांनी एक्सरे यंत्राच्या मदतीने प्रयोग केले. पोटाचे स्नायू वेगळे करून फिरवण्याच्या क्रियेला नौली म्हणतात. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना मोजमापात आढळले.

दौंडहून पुण्याला जाणारी रेल्वे पुढे मुंबईकडे जाते. त्याच वाटेवर लोणावळा आहे. तेथे १९२४ साली त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसन कसे करावे, हातपाय कोठे ठेवावेत, श्वास केव्हा सोडावा, हे सारे त्यांनी छायाचित्रांसह छापले. मोजक्यांची विद्या सर्वांना वाचता येऊ लागली. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. त्यांची संस्था मात्र आजही काम करते.

आता हेच काम संगणकही करतो. खेळाडूच्या सांध्यांवर खुणा लावतात. अनेक कॅमेरे त्या खुणांची प्रत्येक हालचाल टिपतात. ती आकड्यांच्या रूपाने डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या कोठारात, साठवली जाते.

पण मुलांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोंद कितीही चांगली असली, तरी ती वाचून कोणी पहिलवान होत नाही. त्यासाठी स्वतःचा घाम गाळावा लागतो आणि आपली चूक दाखवणारा उस्तादही लागतो. नोंदीमुळे विद्या हरवत नाही. ती अंगी मात्र मेहनतीनेच येते.