रुमालांत बांधलेल्या पिढ्या सोडविणारा इतिहासाचार्य

जुन्या वाड्याच्या माळ्यावर वा देवघराच्या फडताळात कापडी रुमालात बांधलेले कागद पडलेले असत. अक्षर मोडी, शाई फिकट, कडा कसरीने खाल्लेल्या. घरातील नव्या पिढीला ते वाचता येत नसत आणि टाकून देण्याचा धीरही होत नसे. पुढे कधीतरी वाडा पडे, वाटण्या होत आणि तो ठेवा रद्दीत जाई. मराठी घराण्यांच्या कित्येक पिढ्या अशा नाहीशा होत असताना ज्या एका माणसाने हे रुमाल सोडविण्यात आयुष्य वेचले, ते म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे.

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या या तरुणावर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या निबंधमालेचा खोल संस्कार झाला. पदवी मिळविल्यानंतर काही काळ त्यांनी शिक्षकी केली; पण नोकरीत ते रमले नाहीत. पत्नीचे तरुणपणीच निधन झाले. त्यांनी पुनर्विवाह केला नाही आणि पुढील सारे आयुष्य एका ध्येयाला वाहिले. इंग्रजीवर प्रभुत्व असूनही लेखन मराठीतूनच करण्याचा निश्चय त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

वाई येथे हाती लागलेल्या कागदांनी त्यांच्या कार्याला दिशा दिली. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा समावेश असलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पानिपतच्या संग्रामाकडे पाहण्याची दृष्टीच त्याने बदलली. या मालेचे एकूण २२ खंड निघाले. त्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील अशा वतनदारांच्या घरी जाऊन त्यांनी दप्तरे पाहिली, मोडी कागदांच्या नकला उतरविल्या. पदरी संपत्ती नव्हती, सरकारी आश्रय नव्हता. कागद दाखविला तर वतन जाईल, या भीतीने दारे बंद करणारेही कमी नव्हते.

ही भीती अगदीच निराधार नव्हती. घराण्यांनी कागद जपले होते ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे, तर हक्काच्या पुराव्यासाठी. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपला करीणा, म्हणजे घराण्याची हकिगत, सादर करीत. मूळ पुरुष कोण, त्याचे पुत्र किती, वाटणी केव्हा झाली, हे सारे त्यात येई. निवाड्यानंतर होणाऱ्या महजरावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या उमटत. पाटलाची ओळख नांगराच्या निशाणीवरून पटे. एका गावचा महजर म्हणजे त्या दिवशीच्या साऱ्या गावाची हजेरीच. या कागदांवरून वंशावळ जुळविता येते, पण त्यांतील पक्षपातही ओळखावा लागतो. कारण वाद जिंकण्यासाठी मूळ पुरुष मागे नेण्याचा मोह सर्वांनाच होई.

याचे साम्य सातासमुद्रापलीकडेही आढळते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथाने प्रस्थापित चर्चपासून फारकत घेतली. त्यामुळे जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी त्यांच्या सभांनाच हस्तलिखित वह्यांत ठेवाव्या लागल्या. विवाहपत्रावर उपस्थित साक्षीदार सह्या करीत. महिन्यांची रूढ नावे मूर्तिपूजक परंपरेतील म्हणून ते महिना क्रमांकानेच लिहीत. आज पूर्वज शोधणाऱ्या क्वेकर वंशजाला हे क्रमांक उलगडावे लागतात, तसेच मराठी संशोधकाला अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला शुहूर सन आणि शके यांचा मेळ घालावा लागतो. वर्ष नसलेल्या पत्रांच्या मित्या ठरविण्याचे हे किचकट काम राजवाडे यांनी स्वतः केले.

हा व्याप एकट्याने पेलणारा नाही, हे जाणून १९१० मध्ये पुण्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. १९२२ मध्ये शहाजीराजांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य आणि १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ त्यांनी विस्तृत प्रस्तावनांसह प्रकाशात आणली. मात्र त्यांचा स्वभाव उग्र होता. मतभेद होऊन त्यांनी पुणे सोडले आणि अखेरच्या काळात धुळ्यात मुक्काम केला. वंश आणि जातींविषयीच्या त्यांच्या अनेक निष्कर्षांवर स्वजातीच्या अभिमानाची छाया आहे. पुढील अभ्यासकांनी त्यांवर कठोर टीका केली, काही मते साफ खोडून काढली. पण त्यासाठी लागणारे अस्सल कागद बऱ्याच अंशी राजवाडे यांनीच उपलब्ध करून दिले होते.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

या कामाचे मोल केवळ वतनदार घराण्यांपुरते नाही. गोंदियालगतच्या कुडव्यापासून कोकणापर्यंत, जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचे नाव शोधणारी सामान्य कुटुंबे आजही जुन्या नोंदींपाशीच येऊन थांबतात. विदर्भात कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची एक ओळ मुलाच्या प्रवेशाचा निकाल लावते. मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची निकड अवघ्या महाराष्ट्राला कळली. ज्यांच्या पूर्वजांना वतन नव्हते, त्यांच्या नावाचा करीणा कोणी लिहिला नाही. त्यांच्यासाठी ती एक ओळच सारी वंशावळ असते. माळ्यावरचा रुमाल रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा, हा राजवाडे यांच्या आयुष्याचा धडा म्हणूनच जुना झालेला नाही.