पडद्यावरचा शंभू आणि आपला सातबारा

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पानावर एरवी आपण खत, बियाणं, फवारणी आणि पीककर्ज यांचंच बोलतो. आज एका सिनेमातल्या माणसाबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला हे काय सुचलं? पण हा माणूसच असा, की त्यानं १९५३ साली पडद्यावर उभा केलेला शेतकरी आजही आपल्या शेजारच्या बांधावरचा वाटतो. नाव बलराज साहनी. 'वक्त' मधला, बायकोसाठी भर मैफलीत गाणं म्हणणारा लाला केदारनाथ तुम्हाला आठवत असेल, तोच हा माणूस.

बलराज काही शेतकऱ्याच्या घरात जन्मले नव्हते. १ मे १९१३ रोजी रावळपिंडीत त्यांचा जन्म झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडील कापडाचे व्यापारी, घर खातंपितं. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून त्यांनी इंग्रजी विषयात एम. ए. केलं. असा मुलगा घरच्या पेढीवर बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती. काही दिवस बसलेही, पण जीव रमला नाही. १९३६ साली दमयंती यांच्याशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी दोघं बंगालात, रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनला गेले. तिथं बलराज शिकवायला लागले.

तिथून ते आले आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला. गांधीजींच्या आश्रमातून तेव्हा 'नई तालीम' चं काम चालायचं. मुलानं हातानं काम करता करता शिकावं, नुसतं पुस्तकातून नको, अशी ती शिक्षणाची रीत. त्या नावाच्या मासिकाचं काम बलराजनी पाहिलं. पुढं गांधीजींच्या संमतीनं ते लंडनला बीबीसी रेडिओवर हिंदी निवेदक म्हणून गेले. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ. परत आले ते मुंबईत, आणि 'इप्टा' या नाट्यसंस्थेत नवरा-बायको दोघंही कामाला लागली. कामगार-शेतकऱ्यांचे प्रश्न नाटकातून मांडणारी ही मंडळी होती.

१९४३ मध्ये बंगालात मोठा दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४६ साली 'धरती के लाल' हा चित्रपट काढला. गावातला कुणबी जमीन गमावून कलकत्त्याच्या फुटपाथवर कसा येतो, याची ती गोष्ट. बलराज आणि दमयंती दोघांनी त्यात काम केलं. पण १९४७ मध्ये दमयंती गेल्या. मागं दोन लहान लेकरं. सिनेमात जम बसलेला नाही, हाती पैसा नाही, त्यात डाव्या विचारांमुळं तुरुंगवास घडला. 'हलचल' या चित्रपटाच्या वेळी तर ते आर्थर रोड तुरुंगातून पोलीस पहाऱ्यात चित्रीकरणाला यायचे आणि काम संपलं की परत कोठडीत जायचे. गंमत बघा, त्या चित्रपटात त्यांचं काम जेलरचं होतं!

आता मुख्य गोष्टीकडं येऊ. दिग्दर्शक बिमल रॉय यांना 'दो बिघा जमीन' साठी शेतकरी हवा होता. बलराज भेटायला गेले ते सुटाबुटात. उंच, गोरा, इंग्रजी शिकलेला माणूस. याला शेतकरी कोण म्हणणार, अशी शंका रॉयसाहेबांना आली. तेव्हा 'धरती के लाल' मधलं काम उपयोगी पडलं आणि भूमिका मिळाली. पण खरी परीक्षा पुढं होती.

बलराजनी काय केलं? मुंबईत जोगेश्वरीला उत्तरेकडच्या भय्या लोकांची, म्हशी पाळणाऱ्या गवळ्यांची मोठी वस्ती होती. तिथं जाऊन ते बसायला लागले. ही माणसं चालतात कशी, बसतात कशी, डोक्याला गमछा कसा गुंडाळतात, खातात-पितात कसं, सगळं डोळ्यांत साठवलं. मग कलकत्त्यात हातरिक्षा ओढायला शिकले. तरी मनातून भीती जाईना, हे आपल्याला जमणार नाही म्हणून. तेव्हा एक बिहारी रिक्षावाला भेटला. त्यानं विचारपूस केली. बलराजनी त्याला सिनेमाची गोष्ट सांगितली, तर त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचीही दोन बिघेच जमीन जमीनदाराकडं गहाण होती आणि ती सोडवायच्या आशेवर तो पंधरा वर्षं रिक्षा ओढत होता. त्या दिवसापासून बलराजनी अभिनयाची चिंता सोडली. त्या माणसाचं दुःख आपल्याला जगापुढं मांडायचं आहे, एवढंच मनात धरलं.

मंडळी, शिकलेल्या माणसानं कष्टकऱ्याकडं शिकायला जाणं, हे सोपं नाही. आम्ही शेतीखात्याची माणसं तुमच्याकडं येतो ते बहुतेक सांगायला येतो, ऐकायला कमीच. बलराज आधी जाऊन बसले, पाहिलं, ऐकलं, स्वतः ओढून बघितलं आणि मग तोंड उघडलं. हे आम्ही सगळ्यांनीच मनावर घेण्याजोगं आहे.

आता ती गोष्ट नीट ऐका, कारण तिच्यात आपल्या कामाचं बरंच आहे. शंभू महतो याच्याकडं दोन बिघे जमीन. बिघा प्रांताप्रांतात वेगळा असतो, पण बंगालचा बिघा म्हणजे एकराचा तिसरा हिस्सा. म्हणजे शंभूचं सगळं शेत सव्वीस-सत्तावीस गुंठ्यांचं समजा. जमीनदाराला तिथं गिरणी काढायची आहे आणि शंभूचा तुकडा मध्ये येतो. शंभू विकायला तयार नाही. मग जमीनदार म्हणतो, माझं कर्ज फेड. शंभूच्या हिशेबानं देणं पासष्ट रुपये. घरातलं होतं नव्हतं ते विकून तो पैसे घेऊन जातो, तर वहीत निघतात दोनशे पस्तीस! मधल्या काळात त्यानं जमीनदाराकडं मजुरी केली, ती कर्जात वळती झाली असेल असं तो धरून चालला होता. पण पावती? ती नव्हती. कोर्टात त्याचं बोलणं टिकलं नाही, जमीनदाराची वही टिकली. तीन महिन्यांत पैसे भर, नाहीतर जमिनीचा लिलाव, असा निकाल झाला. शंभू कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो, पोरगं बूटपॉलिश करतं, बायको शोधत येते ती अपघातात सापडते. साठवलेले पैसे दवाखान्यात जातात. शेवटी ते गावी येतात, तेव्हा शेताच्या जागी गिरणीचं बांधकाम उभं असतं. शंभू कुंपणापाशी वाकून मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो.

शंभूची जमीन कधी गेली, हे विचारात घ्या. गिरणी उभी राहिली तेव्हा नाही, लिलाव झाला तेव्हाही नाही. ज्या दिवशी त्यानं पहिल्यांदा मजुरी केली आणि पावती मागितली नाही, त्या दिवसापासून ती जायला लागली. आपल्याकडं कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्येच 'सावकारी पाश' हा मूकपट काढला होता. त्यातल्या शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं. तिथंही खोट्या कागदानंच जमीन जाते आणि शेतकरी मुंबईच्या गिरणीत मजूर होतो. प्रांत वेगळे, रोग तोच.

'दो बिघा जमीन' ला १९५४ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. फिल्मफेअरचा उत्कृष्ट चित्रपटाचा पहिलाच पुरस्कार त्यालाच. बलराज मोठे नट झाले. 'सीमा', 'काबुलीवाला', 'हकीकत', 'दो रास्ते'. 'अनुराधा' मध्ये तर खेड्यात राहून गोरगरिबांना औषधपाणी करणारा डॉक्टर. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. इंग्रजी शिकलेला हा माणूस पुढं आपल्या मायबोलीत, पंजाबीत, लिहीत राहिला.

शेवट मात्र चटका लावणारा झाला. १९७२ मध्ये मुलगी शबनम गेली. त्याच सुमारास ते 'गर्म हवा' करत होते. फाळणीनंतर आग्र्यात मागं राहिलेल्या एका चपला-बुटांच्या कारखानदाराची ती गोष्ट, आणि त्यातही बापाला मुलीचं मरण बघावं लागतं. आवाज भरण्याचं काम संपवलं आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. साठी गाठायला तीन आठवडे कमी होते. पूर्ण झालेला चित्रपट त्यांना बघता आला नाही.

बंधूंनो, असा नट आठवायचा तर नुसती हळहळ करून भागणार नाही. आज रात्री जेवणं झाली की पेटीतले कागद काढा. सातबारा आणि आठ-अ ताजे आहेत का बघा. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज फेडलं असेल तर बेबाकीचा दाखला घेतला का, आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरला का, हे तपासा. सावकाराला परवाना आणि हिशेबाच्या वह्या ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, दिलेल्या पैशाची पावती हा तुमचा हक्क आहे. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याला सहायक निबंधकांकडं किंवा जिल्ह्याला उपनिबंधकांकडं करता येते. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही कुणालाही देऊ नका, मग तो सख्खा पाहुणा का असेना.

आणि तलाठी, ग्रामसेवक, गटसचिव भाऊ, तुम्हालाही एक विनंती. समोर उभ्या माणसाला वाचता येत नसेल, तर त्याच्या नावावरची नोंद आणि आकडा त्याला एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे. शंभूला त्याच्या वहीतला आकडा वेळेवर कुणी वाचून दाखवला असता, तर त्याला रिक्षा ओढायला कलकत्त्याला जावं लागलं नसतं.