कोंबडीच्या खाद्यात अँटिबायोटिक आले कुठून? डॉ. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेची गोष्ट

मुळशीसह आसपासच्या तालुक्यांतून पुण्याच्या बाजारात पालेभाजी येते. भाजीपाल्याला कोंबडखत घालण्याची पद्धत राज्यभर आहे. कोंबड्यांना अँटिबायोटिक दिलेले असेल, तर औषधाला दाद न देणारे जिवाणू या खतातून माती आणि भाजीपर्यंत पोहोचू शकतात. मुळात कोंबडीच्या खाद्यात हे औषध आले कसे? याचा माग डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेपर्यंत जातो.

कोण होते सुब्बाराव?

१२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे त्यांचा जन्म झाला. स्प्रू या आतड्याच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ दगावले. मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना ते खादी वापरू लागले. इंग्रज प्राध्यापकाला ते रुचले नाही आणि एमबीबीएसऐवजी त्यांना कमी दर्जाच्या एलएमएसवर समाधान मानावे लागले. पुढे अमेरिकेत हॉस्पिटलमध्ये पडेल ते काम करत त्यांनी हार्वर्डमध्ये संशोधन केले. शरीरातील फॉस्फरस मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

ऑरिओमायसिनचा शोध

१९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या गटाने तयार केलेले फॉलिक अ‍ॅसिड स्प्रूवरही उपयोगी ठरले. त्यांच्याच कारकिर्दीत बेंजामिन डग्गर यांनी १९४५ मध्ये मातीतल्या जिवाणूपासून ऑरिओमायसिन मिळवले. टेट्रासायक्लिन गटातील हे पहिले अँटिबायोटिक १९४८ मध्ये जगासमोर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी सुब्बाराव यांचे निधन झाले.

औषधाचे खाद्य कसे झाले?

सुब्बाराव यांच्या पश्चात लेडर्लीतच थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन काढून उरलेला चोथा खाद्यात मिसळल्यावर पिल्ले झपाट्याने वाढली. १९५० मध्ये हे जाहीर झाले आणि धडधाकट जनावरांनाही रोज थोडे अँटिबायोटिक देण्याची प्रथा जगभर पसरली.

धोका नेमका काय?

कमी मात्रेत कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. प्रतिकाराची जनुके ते इतर जातींच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. शिवाय औषधाचा बराचसा भाग विष्ठेतून बाहेर पडून खतात उतरतो. अशा जिवाणूंचा संसर्ग माणसाला झाला, तर नेहमीचे औषध लागू पडत नाही.

उपाय काय?

युरोपीय संघाने २००६ मध्ये वाढीसाठी अँटिबायोटिक देणे बंद केले. भारताने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. शेतात कोंबडखत चांगले कुजवूनच घालावे. भाजी नीट शिजवल्यावर जिवाणू मरतात. कोथिंबीर, काकडी, मुळा कच्चे खायचे असतील, तर वाहत्या पाण्याखाली नीट धुवावेत. धुतल्याने जिवाणू कमी होतात, पूर्ण जात नाहीत. त्यामुळे खरी काळजी गोठ्यात आणि पोल्ट्रीतच घ्यावी लागते: औषध आजारी जनावरालाच आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच.