डीडीटीशी पंगा घेणाऱ्या रेचल कार्सन आणि नागपूरच्या नीरीचा धागा

नागपूरकरांना नेहरू मार्गावरची नीरी माहीत असते. ही संस्था 1958 साली सुरू झाली. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं आणि काम होतं पाणीपुरवठा, सांडपाणी आणि साथीचे रोग. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत रेचल कार्सन यांच्या हातात एका मैत्रिणीचं पत्र पडलं. डास मारायला विमानातून डीडीटी फवारलं आणि तिच्या अंगणातले पक्षी मेले, अशी तक्रार होती.

रेचल यांचा जन्म 1907 चा, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल गावचा. 1932 मध्ये प्राणीशास्त्रात एमए केलं. वडील गेले, मग बहीण गेली आणि दोन भाच्यांची जबाबदारी अंगावर आली. पीएचडी राहूनच गेली. मत्स्य खात्यात सरकारी नोकरी धरली. 1951 मध्ये समुद्रावरचं पुस्तक तुफान खपलं, तेव्हा कुठे नोकरी सोडता आली.

डीडीटी तेव्हा हिरो होतं. त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या म्युलर यांना 1948 चं नोबेल मिळालेलं. मलेरियासाठी भारतातही फवारणी जोरात होती.

रेचल यांनी चार वर्षं पुरावे गोळा केले. मिशिगनमध्ये एल्म झाडांवर फवारणी झाली. पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली, आणि पुढच्या वसंतात गांडुळं खाणारे रॉबिन पक्षी तडफडून मेले. म्हणजे पक्ष्यांवर कुणी काही फवारलंच नव्हतं!

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकची गोष्ट तर आणखी भारी. चिलटं मारायला तलावात डीडीटीचा भाऊबंद डीडीडी टाकलं. पाण्यात प्रमाण किती? दहा लाख भागांमागे जेमतेम 0.02. पण ही रसायनं सहजी विघटित होत नाहीत, लघवीवाटे निघूनही जात नाहीत, चरबीत साठतात. शेवाळातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात, असं करत टिबुकलीच्या जातीच्या पक्ष्यांच्या चरबीत आकडा 1600 वर गेला.

1962 मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं. रसायन कंपन्या तुटून पडल्या. पीएचडी नाही, लग्न नाही, इथपर्यंत टीका घसरली. खरं तर त्यांनी सरसकट बंदी मागितलीच नव्हती. बेछूट फवारणीने किडेच पक्के होतात, मग मलेरियाच्या वेळी औषध चालत नाही, हाही त्यांचाच मुद्दा.

या काळात त्यांना स्तनाचा कॅन्सर होता. विरोधक यालाच हत्यार करतील म्हणून तो लपवला. 1963 मध्ये केनेडींच्या समितीने त्यांची बाजू बरीचशी उचलून धरली. जूनमध्ये त्या सिनेटसमोर साक्षीला गेल्या, आणि 14 एप्रिल 1964 रोजी 56 व्या वर्षी गेल्या. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होतात, हे त्यांच्या पश्चात सिद्ध झालं. अमेरिकेतली बंदी आली 1972 मध्ये.

भारताने शेतीसाठी डीडीटी 1989 मध्ये बंद केलं. अशा चिवट रसायनांवरचा स्टॉकहोम करार 2001 चा, भारताने तो 2006 मध्ये मान्य केला. या कराराचं आशियासाठीचं एक प्रादेशिक केंद्र आज नागपूरच्या नीरीत आहे. मलेरिया आणि काळा आजार यांसाठी भारताने डीडीटीची सवलत मात्र मागून घेतली. आपल्या रायगडमधल्या रसायनीतही सरकारी कंपनी ते बनवत होती.